केनियातल्या खेड्यात मंडळीच्या (चर्चच्या) कॉन्फरन्सला शिकवायला जायचंय, कुणी जाऊन आलंय का?

कॅम्प_बेळगाव

सगळ्यांना प्रभूमध्ये सलाम. आमच्या मराठी मंडळीतून आम्ही सहा जण, तीन भाऊ तीन बहिणी, ऑगस्टमध्ये वेस्टर्न केनियाला जातोय, काकामेगाच्या पुढं एक खेडं आहे तिथं. तीन दिवसांची कॉन्फरन्स, आजूबाजूच्या गावांतले पाळक म्हणजे पास्टर, वडील म्हणजे मंडळीतले पुढारी, महिला मंडळाच्या बहिणी मिळून दोनशेच्या आसपास येतील असं तिकडच्या पाळकांनी फोनवर सांगितलं, आणि त्यातल्या बऱ्याच पाळकांनी बायबल कॉलेजचं तोंडही पाहिलेलं नाही, आठवडाभर शेती करतात नाहीतर मोटारसायकलवर भाडी मारतात आणि रविवारी उभे राहून संदेश देतात.

माझ्याकडं चार सेशन आहेत, विषय त्यांनीच दिलाय, "पाळकाचं काम". मी तेवीस वर्षं हायस्कूलला मास्तर होतो त्यामुळं शिकवायची भीती नाही, साठ स्लाइड पण करून ठेवल्यात, पण जसजसे दिवस जवळ येतायत तसतशी झोप उडालीय. ही माणसं वीस-वीस वर्षं मंडळी सांभाळतायत, माणसं पुरतायत, लग्नं लावतायत, मी निवृत्त मास्तर त्यांना काय शिकवणार? दुसरं म्हणजे दुभाष्यामार्फत बोलायचंय, ते कसं जमवायचं. तिसरं इंजेक्शनं, गोळ्या वगैरे काय लागतं. आणि पैशाचं काय, लोक मागतील का, मागितले तर काय करायचं?

अजून एक गोष्ट आहे, ती सगळ्यात जड आहे. आमच्याच मंडळीतल्या एका वडिलांनी उपासनेनंतर सगळ्यांसमोर विचारलं, खानापूरच्या जंगलाकडच्या वाड्यांत महिनोन् महिने पाळक पोचत नाही, ते सोडून आफ्रिकेला कशाला? मला उत्तर देता आलं नाही आणि ते मनातनं जात नाही. जे कुणी जाऊन आलेत त्यांनी मोकळेपणानं लिहा.

नर्स_टिळकवाडी

आधी तब्येतीचं लिहिते कारण त्याला वेळ लागतो आणि लोक शेवटच्या आठवड्यात धावपळ करतात.

यलो फीव्हरची लस सहाही जणांनी घ्यायची. केनिया यलो फीव्हरच्या देशांच्या यादीत आहे, आणि परत येताना आपल्याकडच्या विमानतळावर लसीचं पिवळं कार्ड बघतात, नसलं तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं, म्हणून निदान महिनाभर आधी घ्या. एकदा घेतली की जन्मभर चालते, २०१६ पासून तसा नियम आहे, दहा वर्षांनी परत घ्यायची ही जुनी गोष्ट झाली. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, ठरलेली सरकारी केंद्रं आहेत, आपल्याला मुरगाव बंदराचं केंद्र जवळ पडतं, नाहीतर मुंबई. आधी फोन करून दिवस विचारून जा. टीममध्ये कुणी साठीच्या पुढं असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, हे टाळू नका.

मलेरिया. तुम्ही जाताय तो भाग व्हिक्टोरिया तलावाच्या बाजूचा, तिथं मलेरिया जास्त आणि तोही फाल्सिपेरम, डोक्यात जाणारा. गोळ्या जाण्याआधी सुरू करायच्या असतात आणि परत आल्यावरही काही दिवस चालू ठेवायच्या असतात, डॉक्सीसायक्लिन द्यायची की दुसरी कुठली ते तुमचे डॉक्टर ठरवतील. संध्याकाळनंतर पूर्ण बाह्या, झोपताना मच्छरदाणी. आणि हे घरच्यांना पण सांगून ठेवा, परत आल्यावर दोन-तीन महिन्यांत ताप आला तर पहिल्या वाक्यात डॉक्टरला सांगायचं की मी केनियाला जाऊन आलोय. व्हायरल म्हणून चार दिवस पॅरासिटामॉलवर काढलेला माणूस आयसीयूत आलेला मी पाहिलाय, तो वाचला, पण थोडक्यात.

खानापूरकर

मास्तर, मी जाऊन आलोय, त्याच पट्ट्यात, बुंगोमाच्या बाजूला, चार जणांच्या टीमबरोबर. त्यामुळं जरा लांबण लागंल, वाचा.

पहिलं, त्या साठ स्लाइड घरी ठेवा. मी पण नेल्या होत्या. दुसऱ्या स्लाइडला लाईट गेली, जनरेटर होता पण पेट्रोल माईकपुरतंच, आणि मी तसाच पुढं वाचत सुटलो, पाळकाच्या कामाचे अमुक प्रकार, त्याचे तमुक पोटप्रकार. दोनशे माणसं पत्र्याखाली शांत बसून ऐकत होती, मान हलवत होती, मला वाटलं छान चाललंय. रात्री जेवताना माझा दुभाष्या, तिथलाच एक पाळक, फार सभ्य माणूस, हळूच म्हणाला, ब्रदर, उद्या तुमच्या गावाबद्दल सांगा. एवढंच म्हणाला. मी खोलीवर जाऊन रडलो बघा, कारण मला कळलं की दिवसभर कुणाला काही लागलं नव्हतं आणि ते फक्त पाहुण्याचा मान राखत होते.

दुसऱ्या दिवशी वही बंद केली आणि धनगराची गोष्ट सांगितली. आपल्याकडं सुगी झाल्यावर धनगर रानात मेंढ्या बसवतो की नाही, शेतकरी त्याला खताच्या बदल्यात धान्य देतो, रात्रभर तो कांबळं पांघरून मेंढ्यांतच झोपतो, लंगडं कोकरू असलं तर खांद्यावर घेऊन चालतो, कुठली मेंढी कुठल्या मेंढीची लेक हे त्याला अंधारात कळतं. मग म्हणालो की आमच्या भाषेत मंडळी सांभाळणाऱ्याला पाळक म्हणतात, म्हणजे पाळणारा. माझा दुभाष्या थांबला, हसला आणि लोकांना काहीतरी भराभर सांगू लागला, आणि सगळा पत्रा दणाणला. मला नंतर कळलं, स्वाहिलीत पाळकाला म्चुंगाजी म्हणतात आणि म्चुंगाजी म्हणजे गुरं राखणाराच! कन्नडमध्ये पण सभापालक. तीन भाषांत एकच शब्द, आणि मला तो साठ स्लाइडींत सापडला नव्हता.

मग एक म्हातारे पाळक उठले, म्हणाले माझ्या बापाच्या गोठ्यात प्रत्येक गाईला नाव होतं, पण मजुरीवरचा गुराखी नुसतं मोजायचा, संध्याकाळी आकडा जुळला की झालं, गाय आजारी आहे का बघायचा नाही. आणि मग स्वतःहून म्हणाले, मी पण काही वर्षं नुसतं मोजत होतो. योहान १०, येशू चांगल्या मेंढपाळाबद्दल बोलतो तो अध्याय, आम्ही त्यानंतर उघडला, आणि पुढचा दीड तास मी जवळपास गप्प होतो. कोण गेलं आणि कुणी विचारलं नाही, कुणाच्या मयताला पाळक आला नाही, असं एकेक जण बोलत गेला. खरं शिकणं तिथं झालं.

दुभाष्याचं म्हणाल तर तुम्ही घाबरूच नका, आपण सीमाभागातली माणसं जन्मापासून त्यातच वाढलोय. जोड उपासनेत कन्नड पाळक बोलतो आणि मराठी भाऊ सांगतो, हे किती वेळा बघितलंय. बोलणारा लांबलचक तीन वाक्यं ओढत गेला की दुभाष्या निम्मं गिळतो, ते पण बघितलंय. तेच ध्यानात ठेवा. एक पुरतं वाक्य बोला, थांबा. अर्धं वाक्य तोडून देऊ नका, क्रियापदाशिवाय तो काय सांगणार. वचनं आदल्या रात्री त्याला द्या, त्याच्याबरोबर बसून गोष्ट एकदा सांगून बघा. पाऊण तासाचं सेशन म्हणजे तुमचं बोलणं वीस-बावीस मिनिटं, त्यापेक्षा जास्त आणू नका. आणि म्हाताऱ्या बायकांना कधी कधी स्वाहिली पण पुरती कळत नाही, त्यांची तिथल्या लुहिया लोकांची बोली असते, तर कुणीतरी शेजारी बसून तिसऱ्यांदा सांगत असतं, त्याला वेळ द्या.

वेळेचं एक. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. सकाळी सातला ते पहिला तास म्हणतात, नऊ म्हणजे तिसरा तास. तुमच्या बायबलात तिसरा तास, सहावा तास येतो तसंच. मी नऊ वाजता हे कळल्यावर इतका खूष झालो की तेच पहिलं उदाहरण दिलं.

शहापूरची_अक्का

खानापूरकर भाऊ छान लिहिलंत. मी पण केनियाला गेलते, दुसऱ्या टीमबरोबर, महिलांच्या सेवेसाठी. तीन बहिणींसाठी लिहिते.

कॉन्फरन्समध्ये बायका बसलेल्या दिसतात त्याच्या निम्म्या मागं चुलीपाशी असतात. पहाटे चारला उठून लाकडं पेटवतात, दोनशे माणसांचं उगाली घोटतात, पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आपल्या नाचणीच्या मुद्देसारखा, आणि वर सुकुमा विकी, पालेभाजी, त्याचा अर्थच आठवडा ढकल असा आहे, महिनाअखेर तीच असते म्हणून. या बायका शेवटच्या प्रार्थनेलाच आत येतात. मी पहिल्या दिवशी स्टेजवर बसले आणि दुसऱ्या दिवशी मागं गेले, सुकुमा चिरायला बसले, आणि तिथंच बायबलातल्या रूथची गोष्ट सांगितली. सासू, सून, दोघी विधवा, धान्य वेचायला जातात. त्या भागात नवरा गेल्यावर बाईनं दिराकडं जायचं ही चाल काही घरांत अजून आहे, आणि एकीनं चूल फुंकत फुंकत आपलं सगळं सांगितलं, नको म्हणाली म्हणून जमीन गेली ते. मी काय बोलणार? आपल्याकडं पण विधवेच्या नावावर सातबारा चढवायचा, इकडं उतारा म्हणतात तो, म्हणजे किती चकरा असतात ते मी माझ्या बहिणीच्या बाबतीत बघितलंय, तेच सांगितलं, आणि आम्ही दोघी एकमेकींना धरून बसलो. तुमच्या टीममध्ये एक तरी बहीण फक्त चुलीपाशी ठेवा, आयोजकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते पाहुणी म्हणून उठू देत नाहीत.

साडी चालते, सगळ्यांना फार आवडते, हात लावून बघतात. दोन साध्या सुती न्या, भारी नको. पुढ्यात जे येईल ते खा. तुमच्यासाठी कोंबडी कापली तर नाही म्हणू नका, तो त्या घरचा मोठा मान आहे. चपाती तिथं सणाची वस्तू, नाताळात, लग्नात करतात, तुमच्यासाठी केली तर समजा की फार जीव लावलाय. चहा दुधाचा, गोड, त्याला चायच म्हणतात. दुकानाला दुका, औषधाला दावा, पुस्तकाला किताबु, हिशोबाला हेसाबु, रंगाला रांगी. दोन दिवसांत घरच्यासारखं वाटतं.

निपाणीचा_मुलगा

वेगळं मत मांडतोय, कुणी राग धरू नका. सहा जणांची तिकिटं, मुंबईपर्यंतचा प्रवास, नैरोबीहून पुढं साडेतीनशेच्या वर किलोमीटर गाडी, याचा खर्च धरा. तेवढ्या पैशात तिथल्या किती पाळकांचं बायबल शिक्षण होईल. आणि मास्तर, तुमच्या त्या वडिलांचा प्रश्न बरोबरच आहे. माझं आजोळ खानापूर भागातलं, आजी वारली तेव्हा पाळक दुसऱ्या दिवशी आले, त्यांचीही चूक नाही, एकट्याकडं नऊ गावं होती. आम्ही घरच्यांनीच प्रार्थना करून माती दिली. आफ्रिकेच्या सेवेला विरोध नाही माझा, पण फोटो आफ्रिकेचे येतात आणि वाड्या तशाच राहतात हे दुखतं.

खानापूरकर

भावा, तुझ्या आजीचं वाचून वाईट वाटलं. तू म्हणतोस त्यातलं निम्मं मला पुरतं मान्य आहे. सहा जण जास्त आहेत. मास्तर, तिघंच जा, आणि उरलेल्या तिकिटांच्या पैशात पुढच्या वर्षी तिकडचा एक पाळक इकडं बोलवा, महिनाभर आपल्या वाड्यांत फिरू दे. आम्ही ते केलं नाही, करायला पाहिजे होतं.

पण नुसते पैसे पाठवा हे पटत नाही. आपल्याकडं कुणी शिकवायला आलं नसतं तर? बेळगावात लंडन मिशनचं काम १८२० ला सुरू झालं, जोसेफ टेलर बेळ्ळारीहून आले, मराठी आणि कन्नड दोन्ही लोकांत काम झालं, १९०४ ला मेथॉडिस्ट पंथाकडं गेलं. तिकडं वेस्टर्न केनियातल्या कैमोसीला क्वेकर पंथाचे मिशनरी १९०२ ला आले, आज जगात सगळ्यात जास्त क्वेकर केनियात आहेत. दोघं पण बाहेरच्याकडनं शिकलेले. आता एक शिकलेला दुसऱ्या शिकलेल्याकडं जातो, यात गोरा साहेब कुणीच नाही, हे त्यांना पण फार भावतं. एक पाळक मला म्हणाले, तुमच्या गावात पण रस्ता चिखलाचा आहे हे ऐकून बरं वाटलं. तिथं ऊस आहे, गुऱ्हाळं आहेत, गूळ पण आहे, सुकारी न्गुरू म्हणतात. कारखान्याकडं ऊस घातला आणि बिल आलं नाही हे दुःख त्यांना सांगावं लागत नाही आणि आपल्याला पण नाही.

पैशाचं. तुम्हाला ते मुहिंदी म्हणतील, म्हणजे हिंदी माणूस. मोंबासा ते किसुमू रेल्वे १८९६ ते १९०१ मध्ये बांधली ती हिंदुस्थानातनं नेलेल्या मजुरांनी, पण आज मुहिंदी म्हटलं की त्यांच्या डोळ्यापुढं दुकानदार आणि कारखानदार येतो. त्यामुळं मागतील, मागणाऱ्याची चूक नाही, घरात पोराची फी थकलेली असते. आमच्या टीममधल्या एका भावानं स्टेजवरनं, भावनेच्या भरात, दोन मुलांची फी मी भरतो म्हणून सांगितलं. एक वर्ष भरली. मग त्याचाच धंदा बसला. त्या मुलांचा पाळक मला अजून मेसेज करतो, फी मागत नाही, नुसतं विचारतो की ब्रदर बरे आहेत ना. त्या मेसेजला उत्तर देताना हात जड होतो. तर स्टेजवरनं काही कबूल करू नका, हातात रोख देऊ नका. द्यायचंच असेल तर त्यांच्या कमिटीसमोर, एकदाच, आणि जाण्याआधी मंडळीत ठरवून. जेवणाचा तुमचा वाटा मात्र आधीच पाठवा, तिथं सगळं फोनवरनं पैसे पाठवायच्या एम-पेसानं चालतं, खेड्यात सुद्धा. बायबलं इथनं ओझं करून नेऊ नका, स्वाहिली बायबल तिथंच मिळतं.

कॅम्प_बेळगाव

तीन-चार वेळा वाचलं सगळं. घरी मिसेसला पण वाचून दाखवलं. निपाणीच्या भावा, तुझं लिहिणं त्या वडिलांना दाखवणार आहे, तुझी परवानगी धरून. तीन जणांचं मी काल मंडळीत मांडलं, दोघांना वाईट वाटलं पण समजले. स्लाइड मी काढून टाकल्या.

एक राहिलं. तिकडच्या पाळकांनी फोनवर अजून एक सांगितलं, की बाहेरनं येणारे उपदेशक फार झालेत, कोण म्हणतो बी पेर म्हणजे पैसे दे, कोण म्हणतो गोळ्या सोड, तर लोकांना ओळखता येईल असं काही शिकवा. हे कसं घ्यायचं? मी परका, तिथं जाऊन दुसऱ्यांवर टीका करणं बरं दिसतं का?

खानापूरकर

टीका करू नका, नाव घेऊ नका, वाचायला शिकवा. २०२३ साली त्यांच्या किनाऱ्याकडं शाकाहोलाच्या जंगलात उपास करून येशूला भेटा म्हणून सांगणाऱ्या एका उपदेशकाच्या मागं चारशेच्या वर माणसं मेली, लेकरं सुद्धा, ती जखम सगळ्या देशाला आहे, तुम्ही काढायची गरज नाही, त्यांच्या मनात असतेच.

आम्ही एकच सवय लावली. कुणीही एखादं वचन म्हणून दाखवलं की तीन प्रश्न विचारायचे, याच्या आधी काय लिहिलंय, नंतर काय लिहिलंय, हे कोण कुणाला म्हणतंय. पाच-पाच जणांचे गट करा, झाडाखाली बसवा, एक वाचणारा असला तरी पुरे, बाकीचे ऐकून सांगतात. बायबलातलं फिलिप्पै ४:१३ द्या, "मी सर्वकाही करू शकतो" असं सगळे म्हणतात, आणि मग ११ आणि १२ वाचायला लावा, तिथं ते पत्र लिहिणारा पौल उपाशी राहण्याबद्दल बोलतोय. आमच्या गटात एक मोटारसायकलवाला पाळक होता, त्यानं ते वाचलं आणि म्हणाला, म्हणजे हे वचन माझ्यासाठी आहे, ज्या दिवशी भाडं मिळत नाही त्या दिवसासाठी. मी हे त्याला सांगितलं नव्हतं. आणि शेवटच्या दिवशी तुम्ही शिकवू नका, त्यांनाच शिकवायला लावा, तुम्ही खाली बसा.

नर्स_टिळकवाडी

सामानाचं विसरले होते. तिथं प्लग इंग्लंडसारखा, चौकोनी तीन पिनांचा, ॲडाप्टर न्या. प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर २०१७ पासून कडक बंदी आहे, बॅगेत कपडे कॅरीबॅगमध्ये गुंडाळून नेऊ नका, कापडी पिशव्या वापरा. रात्री थंडी असते, ऑगस्ट आहे म्हणून स्वेटर घरी ठेवू नका. आणि व्हिसाऐवजी आता ईटीए, म्हणजे प्रवासाची परवानगी, ऑनलाइन काढावं लागतं, जानेवारी २०२४ पासून, तिकडच्या मंडळीचं आमंत्रणपत्र हातात आल्यावर भरा आणि जे करायला जाताय तेच खरं लिहा.

निपाणीचा_मुलगा

मास्तर, परवानगी काय, दाखवा. आणि एक सुचवू का. तिकडं जाण्याआधी तीच चार सेशनं आजीच्या गावाला घ्या. तिथं मराठी आणि कन्नड दोन्ही माणसं आहेत, वीस-पंचवीस जण जमतील, बरेच जण वाचणारे नाहीत. दुभाष्याचा सराव होईल आणि त्यांना पण मिळेल.

कॅम्प_बेळगाव

होय. हे मला सुचायला पाहिजे होतं. येत्या रविवारी चालेल का? आमचे ते वडील पण येतो म्हणालेत, मीच विचारलं. पण कन्नड सांगायला कुणीतरी लागेल, माझं कन्नड बाजारापुरतं आहे.

खानापूरकर

मी येतो की. कन्नड मी सांगतो. दुपारी साडेतीनला खानापूर बसस्टँडवर उतरा, तिथनं माझ्या गाडीनं जाऊ, पावसानं रस्ता खराब आहे पण गाडी जाते. धनगराची गोष्ट तुमच्या पद्धतीनं बसवून आणा, माझी नको. आणि वाक्यं तोकडी ठेवा.

निपाणीचा_मुलगा

मावशीला फोन केलाय. चहा आणि चुरमुरे तिच्याकडं. ती विचारतेय, अक्का पण येणार का, गावात चार-पाच बायका आहेत ज्यांना रूथची गोष्ट कुणी सांगितलेली नाही.

शहापूरची_अक्का

येते. मावशीला म्हणावं स्वयंपाकघरातच बसू.